नारळापासून मोजलेली जमीन

आमच्या बाबांनी घरच्या म्हणून जितक्या जमिनी मोजल्या, त्या सगळ्या नारळापासून मोजल्या. नोकरीतली गोष्ट वेगळी. सिंचाई खात्यात साहेब ज्या दगडावर बोट ठेवेल तो दगड. पण नात्यातलं, ओळखीतलं कोणी "जरा आमचा प्लॉट मोजून द्या हो" म्हणालं, की बाबा टेप आणि नारळ एकाच पिशवीत घालून निघायचे. जागेवर पोचलं की जमिनीत पक्का रुतलेला एखादा दगड शोधायचा, त्याला कुंकू लावायचं, त्यावर नारळ फोडायचा, खोबरं सगळ्यांच्या हातावर ठेवायचं आणि सांगायचं, "हा आपला शून्य." पुढची सगळी मापं त्या दगडापासून, फुटात आणि इंचात.

कागदावर वर मधोमध ॥श्री॥ आणि खाली डाव्या हाताला एक छोटं वर्तुळ, त्यात टिंब. ते टिंब म्हणजे नारळ. धारमधल्या कितीतरी मराठी घरांच्या कपाटांत असे नकाशे पडले असतील, आणि त्यातल्या एकाचाही दुसऱ्याशी काडीचा संबंध नसेल. प्रत्येक जमीन आपापल्या नारळापासून सुरू होते आणि आपल्याच कुंपणापाशी संपते. बाबांना यात कधी काही गैर वाटलं नाही. मालव्यातली आपली मराठी माणसंही तशीच राहतात, असं मी एकदा म्हणाले, तर ते म्हणाले, "तू चहा टाक."

मी देवासला असते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले आणि इथलीच झाले. टेकडीच्या पायथ्याशी घर आहे, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, आणि त्यावर मी कॅडमध्ये कॉलन्यांचे नकाशे काढते. बाबांच्या मते हे नकाशे काढणं नव्हे. "कागद नाही, शाई नाही, बोटं काळी होत नाहीत. टायपिंग आहे ते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी ऐकत नसेन तेव्हा "पण पोरगी चांगलं करते हो" असंही सांगतात, हे मला आईकडून कळलं.

त्यांचं स्वतःचं टेबल धारच्या घरात उत्तरेच्या खिडकीशी होतं. नकाशा काढायचा तर उजेड उत्तरेचाच, ही त्यांची गीता. उत्तरेचं ऊन टेबलावर येत नाही, डोळे दिपत नाहीत, दिवसभर उजेड एकसारखा राहतो. लहानपणी मला पाढे आले नाहीत तरी चालायचं, पण उत्तर कुठे हे आलं पाहिजे. मग शेजाऱ्यांनी तीन मजले चढवले आणि खिडकीत त्यांची भिंत येऊन उभी राहिली. बाबांनी वर्षभर ट्यूबलाइट लावून पाहिली, चिडचिड केली, आणि एक दिवस टेबल मोडून ठेवलं. त्याच्या फळीवर आता आई गच्चीत कुरडया वाळवते. फळी मोठी, गुळगुळीत आणि एका पातळीत असल्यामुळे कुरडया फार छान होतात. बाबा त्या खात नाहीत.

तर भांडण झालं ते शेतावरून. धारहून मांडूकडे जाताना डावीकडे एक कच्ची वाट वळणं घेत आत जाते, तिथे आमचं शेत आहे. बाबांचं आणि मोठ्या काकांचं. सरकारी कागदावर अजून दोघांचं नाव एकत्र आहे, पटवाऱ्याच्या नकाशात तो एकच तुकडा आहे. वाटणी झाली ती घरातल्या घरात, मी शाळेत असताना. बाबांनी नारळ फोडला, काकांनी टेप धरला, कागदावर मधून एक रेघ मारली, आणि दोघांनी सह्या केल्या. रेघेवर थोराचं कुंपण लावलं होतं. पुढे दोघांनीही जमीन वाट्याने कसायला एकाच बटाईदाराला दिली. त्याला दोन भावांच्या मधली रेघ सांभाळण्यात काय रस; त्याने थोर उपटून सरसकट सोयाबीन पेरलं.

त्या शेतात खुरासानी इमली आहे. मराठीत तिला गोरखचिंच म्हणतात म्हणे. आमच्याकडे असं म्हटलं तर कोणी वळून बघणार नाही. मांडूच्या बाजूला ही झाडं आहेतच. बुंधा असा की चौघांनी हात धरले तरी कवेत येऊ नये, आणि वर फांद्या थोड्याशा. वाटणीच्या नकाशात बाबांनी झाड दाखवलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाले, "जमिनीची वाटणी होती. झाडाची वाटणी करतात का कुठे?"

मोठे काका धारच्या शाळेत इतिहास शिकवत. काकू गेल्यावर त्यांचा मुलगा त्यांना इंदूरला घेऊन गेला, सहाव्या मजल्यावर. काकांना तिथे काही कमी नाही, असं सगळे म्हणतात, काका सोडून. गेल्या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं की ते शेतात दोन खोल्या बांधून राहायला येणार. जुन्या नकाशाची झेरॉक्स काढून त्यावर त्यांनी पट्टीने खोल्या आखल्या होत्या आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. एक खोली, शेजारी दुसरी, समोर ओटा. दुसऱ्या खोलीला कागदाच्या डाव्या बाजूला एक खिडकी, भिंतीच्या निम्म्याहून मोठी, आणि ती जमिनीपासून किती उंचीवर त्याचा आकडा शेजारी.

ग्रुपवर मग जे व्हायचं ते झालं. एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला, यावर सगळ्यांनी डोकं चालवलं. "मामा, दुसरं लग्न ठरलंय का?" असंही एका भाचीने विचारून घेतलं. काकांनी नुसते नमस्काराचे हात पाठवले.

बाबांनी मात्र मुद्दा काढला झाडाचा. इमली आपल्या हिश्श्यात आहे, खोल्यांचा पाया तिच्या मुळांवर जातो, सबब बांधकाम होणार नाही. वर खिडकीवर टीका. "पश्चिमेला भिंतभर खिडकी. इतिहासाचे मास्तर ते. मे महिन्यात दुपारी भाजून निघतील तेव्हा कळेल." बाबा काकांना एरवी 'दादा' म्हणतात. त्या दिवसापासून 'दादासाहेब' म्हणायला लागले, आणि आमच्या घरात 'साहेब' लागलं की समजायचं, बोलणं बंद.

काकांचा मला फोन आला. "बेटा, तू नकाशे करतेस. जरा बघ ना, झाड कुणाकडे आहे ते. छोट्याकडे निघालं तर मी नाही बांधत. राहतो इथेच." ते 'राहतो इथेच' अगदी हळू म्हणाले. या सगळ्या चेष्टेत एक म्हातारा माणूस लिफ्टने खाली उतरून बाकावर बसतो आणि परत वर जातो, हे आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

माझ्याकडे योगायोगाने हुकमाचं पान होतं. आमच्या शेताला लागून एक नवी कॉलनी पडते आहे, तिचा लेआउट मीच करत होते, आणि त्या लोकांनी ड्रोनने काढलेलं आसपासचं चित्र मला पाठवलेलं होतं. असल्या चित्राच्या पोटात त्याचा पत्ताच लिहिलेला असतो: माझा हा कोपरा पृथ्वीवर अमुक ठिकाणी, माझा एक ठिपका इतक्या मीटरचा. ड्रॉइंगला तीच पद्धत सांगितलेली असली की चित्र आपणहून आपल्या जागेवर जाऊन बसतं. कॉलनीच्या ड्रॉइंगमध्ये ते शहाण्यासारखं बसलं होतं, आणि आमचं शेत त्याच्या एका कडेला स्पष्ट दिसत होतं, इमलीसकट.

मी बाबांचा नकाशा कॅडमध्ये गिरवून घेतला, काकांच्या खोल्यांसकट, नारळ शून्यावर ठेवून. मग चित्र आणलं आणि सगळं एकत्र दिसेल एवढं लांब जाऊन पाहिलं. स्क्रीन काळा. खाली डाव्या कोपऱ्यात एक ठिपका, वर उजवीकडे दुसरा. खालचा ठिपका बाबांचं शेत, वरचा ठिपका खरं शेत. मध्ये अडीच हजार किलोमीटर. दोन्ही भावांमध्ये सध्या साधारण तेवढंच अंतर होतं.

धारला गेले तेव्हा बाबांना हे दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही ठिपके बघितले.

"यांचा शून्य कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. आपल्या मनावर गावाच्या बाजूने एक उभी रेघ जाते असं समजायचं. तिला शून्य नाही म्हणायचं, पाच लाख मीटर म्हणायचं, म्हणजे तिच्या पश्चिमेला कोणी राहत असेल तर त्याचा आकडा उणे येत नाही. धार तिच्या थोडं पूर्वेला. उत्तरेचा आकडा मोजायचा विषुववृत्तापासून. त्यामुळे खरा शून्य पडतो पार खाली, मालदीवच्या पलीकडे.

"म्हणजे समुद्रात."

"हो, समुद्रात."

"तिथे नारळ कोणी फोडला?"

"कोणी नाही, बाबा."

"मग कसं बरोबर येणार," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. आई आतून म्हणाली, नारळी पौर्णिमेला फोडतात की कोळी लोक.

मी काम पुढच्या आठवड्यावर टाकलं आणि गिरवलेलं ड्रॉइंग तेवढं ग्रुपवर ठेवलं. ते काकांच्या मुलाच्या हाती लागलं. माझा हा चुलतभाऊ इंदूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, स्वभावाने सोनं आहे, पण उंटावरचा शहाणा. मराठी बोलतो, वाचायची वेळ आली की मला फोन करतो. त्याने इंटरनेटवरून आमच्या शेताचं उपग्रहाचं चित्र उतरवलं, कुठल्याशा फुकटच्या कॅडमध्ये माझं ड्रॉइंग उघडलं, आणि चित्र त्यात सोडलं.

आता गंमत बघा. त्याच्या चित्राचा पत्ता मीटरमध्ये नव्हता, अंशांमध्ये होता. धार म्हणजे पूर्वेला पंचाहत्तर अंश आणि वर थोडं, उत्तरेला साडेबावीस अंश आणि वर थोडं. ड्रॉइंग बाबांच्या फुटांत. अंश आणि फूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सॉफ्टवेअरला कोणी सांगितलंच नाही, आणि सॉफ्टवेअर स्वतःहून विचारत नाही; गरीब नोकरासारखं सांगाल तिथे ठेवून मोकळं होतं. त्याने नारळापासून पंचाहत्तर फूट उजवीकडे आणि साडेबावीस फूट वर चित्र नेऊन ठेवलं. म्हणजे बरोबर शेताच्या आत. राईएवढं.

भावाला ती राई दिसली आणि त्याला वाटलं, जमलं. जागा तर बरोबर आहे, फक्त छोटं आलंय. त्याने कोपरा धरून चित्र ओढलं, शेतात मावेल इतकं मोठं केलं, आणि वाटणीची लाल रेघ दिसेल असा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मॅच हो गया ताई. इमली हमारी."

बाबांनी उत्तर लिहिलं नाही, फोन करून मला लिहायला लावलं. "दादासाहेबांना लिही, झाड उचलून इंदूरला न्या. सहाव्या मजल्यावर बाल्कनीत ठेवा. पाणी घालत जा."

मी ते लिहिलं नाही. भावाचा फोटो मोठा करून बघितला, तर इमली आडवी सुटलेली. कॉलनीचा ट्रॅक्टर, टाकी, सगळंच पोटभर जेवून उठल्यासारखं रुंद. आपल्याकडे पूर्व-पश्चिमेचा अंश उत्तर-दक्षिणेच्या अंशापेक्षा भरतो कमी. दोन्ही सारखे धरले की चित्र पसरतं. मी त्याला फोन करून हे सांगितलं.

"अरे यार ताई, थोडा-बहुत चलता है ना," तो म्हणाला.

"थोडं-बहुत चाललं असतं तर तुझ्या बाबांनी मला विचारलं नसतं."

तो म्हणाला, "पप्पा रोज विचारतात, ताईचा फोन आला का." माझा राग तिथेच गेला.

आता मला बाबांच्या नारळाचं जग त्या समुद्रातल्या शून्याच्या जगावर नेऊन बसवायचं होतं. फूट-मीटरचा हिशेब सोपा. पण जागा? शेताच्या हद्दीचं म्हणावं तर कॉलनीने वाट रुंद करून सरळ केली होती आणि कोपऱ्यांचे दगड मुरमाखाली गेले होते. राहिल्या नकाशातल्या दोनच खुणा, नारळ आणि मापाच्या मुख्य रेघेचं दुसरं टोक. एक खूण पटली तर नकाशा तिथे खिळा ठोकल्यासारखा बसतो, पण खिळ्याभोवती गरगर फिरू शकतो. दोन पटल्या की हलत नाही. मला दोन हव्या होत्या.

बाबांना विचारलं. "नारळाचा दगड मी डोळे मिटून दाखवीन," ते म्हणाले.

"आणि दुसरं टोक?"

"तिथे दादासाहेब होते. टेप तेच धरायचे. मी आकडे लिहीत होतो, तिकडे कोण बघतंय."

काकांना विचारलं. "बेटा, विहिरीच्या काठावर, रहाटाच्या बाजूला. कठड्याला पाय लावून टेप ताणला होता, तरी तुझा बाप तिकडून ओरडत होता, ढिला आहे, ढिला आहे." विहीर केव्हाच बुजली होती आणि तिच्यावरही सोयाबीन उभं राहून गेलं होतं. "तरी दाखवीन मी," काका म्हणाले.

"आणि नारळाचा दगड?"

"तो मी कुठे पाहिला? मी टोक घेऊन पुढे निघून गेलो होतो."

म्हणजे झालं. सगळी जमीन दोघांची, पण एकाला एकच टोक ठाऊक आणि दुसऱ्याला दुसरंच. मोजणाऱ्याला आपला शून्य ठाऊक, टेप धरणाऱ्याला आपली जागा. दोघांना एकत्र शेतात उभं केल्याशिवाय नकाशा बसणार नव्हता, आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

मग मी दोघांनाही फोन करून एकच वाक्य सांगितलं: "त्यांना काही आठवत नाहीये म्हणे." बाबा म्हणाले, "वाटलंच मला. उद्या नेतेस का?" काका म्हणाले, "तो विसरभोळाच आहे लहानपणापासून. गाडी काढायला सांगतो."

शेतात गहू होता, हातभर वाढलेला. इमलीचं पान न् पान गळून गेलेलं. बाबा रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या हातात तीच पिशवी होती, टेप आणि नारळ असलेली. "सवय आहे," ते मला म्हणाले, मी काही विचारलं नसताना. काका गाडीतून उतरले आणि मफलर सारखा करत झाडाकडे बघत उभे राहिले. नमस्कार-चमत्कार काही नाही. भावाने मला डोळ्यांनी विचारलं, आता? मी म्हटलं, थांब.

बाबा बांधाच्या कडेने चालत गेले, एका बाभळीपाशी वाकले, काठीने गवत बाजूला केलं. काळा दगड, एक कड उडालेली. त्यांनी त्यावर हात फिरवला. काका दुसरीकडे निघाले, गव्हातून जपून पाय टाकत, आणि एका जागी थांबून खाली बघू लागले. तिथला गहू आसपासच्यापेक्षा जास्त हिरवा होता, गोल. पायाने माती सरकवल्यावर विटांची कड दिसली. मी बटाईदाराची खाट इमलीच्या बुंध्याशी आणून तिच्यावर लॅपटॉप मांडला. ड्रोनच्या चित्रात बाभळीशेजारी काळा ठिपका होता, आणि शेताच्या मधे गव्हात एक गडद हिरवी कडी. मी ते चित्र किती वेळा पाहिलं असेल. कोणीतरी बोट दाखवल्याशिवाय दोन्ही दिसली नव्हती.

दोघं येऊन खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले. मी नकाशातला नारळ ठिपक्यावर ठेवला. दुसरं टोक कडीवर आणायला नकाशा फिरवला, तो फिरतच गेला, जवळजवळ पाव वळसा. मग थांबला. मी अंतर तपासलं. कागदावरचं आणि चित्रातलं, दोन्ही जुळलं, वीतभर फरक.

"टेप ढिला होता," बाबा म्हणाले. कित्येक आठवड्यांनी काकांना उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"पण बाबा, नकाशा फिरला किती बघा. कागदाची वरची बाजू उत्तर नाहीच आहे. पूर्व आहे."

बाबांनी बघितलं. सरकारात उभी हयात उत्तरेचे बाण काढण्यात गेलेला माणूस. "शेत लांबट, कागद आडवा," ते म्हणाले. "मावेना म्हणून फिरवलं असेल. बाण नाही काढला, म्हटलं घरच्या शेताला उत्तर कशाला दाखवायची. सगळ्यांना माहीतच आहे."

"दिसतंय ते," मी म्हणाले.

लाल रेघ इमलीपासून चांगली लांब पडली होती. झाड आख्खंच्या आख्खं काकांच्या बाजूला. भाऊ लगेच म्हणाला, "मैंने बोला था ना ताई." ती बोलाफुलाची गाठ होती, पण त्याला ते कोण समजावणार. खोल्याही मुळांपासून दूर, मोकळ्या जागेत होत्या. काका स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते बाबांकडे बघत होते.

बाबांनी काठी जमिनीत रोवली, काढली, परत रोवली. "झाड तुमचं, दादा," ते म्हणाले. 'साहेब' गळालेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "बांधा तुम्ही. पण मी एक सांगतो. मला झाडाचं काही नव्हतं. तुम्ही इथे एकटे राहणार, छातीचं दुखणं घेऊन, आजूबाजूला माणूस नाही. काही झालं तर मला कोण सांगणार? वहिनी होत्या तोवर मला घोर नव्हता. हे तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का? म्हणून झाड धरलं."

मला आजवर बाबा इतकं सलग बोललेले आठवत नाहीत. काका खाटेवर बसले आणि त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"छोटे, झाडाची सावली कुठे पडलीय बघ."

बाबा वाकले. एवढं विचारलं की त्यांच्यातला ड्राफ्ट्समन जागा होतोच. "चित्र भर दुपारचं आहे. थंडीचं. म्हणजे सावली उत्तरेला." त्यांचं बोट सावलीच्या वाटेने गेलं, मग बाजूला सरकलं, काकांच्या खोल्यांवर आलं, पहिली ओलांडून दुसरीवर, आणि भिंतभर मोठ्या खिडकीवर येऊन थांबलं. ती पश्चिमेला नव्हती. सावली जिकडे गेली होती तिकडेच तिचं तोंड होतं.



"सगळे विचारतात, दुसरी खोली कुणाची," काका म्हणाले. "आता सांग, इतिहासाच्या मास्तरला उत्तरेचा उजेड काय करायचाय? सकाळी रिक्षाने ये, काम कर, संध्याकाळी घरी जा. मी कुठे एकटा राहिलो मग? आणि त्या फळीवर कुरडया वाळतात रे, बरं नाही दिसत."

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. चष्मा काढला, उपरण्याला पुसला, परत लावला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते आम्हाला दिसू नयेत अशी त्यांची इच्छा होती, म्हणून भाऊ आणि मी इमलीच्या फांद्या मोजायला लागलो.

"खिडकी खाली आलीय," शेवटी ते मला म्हणाले. "टेबल ठेवायचं तर तळाची कड साडेतीन फुटांवर हवी. यांनी अडीचवर घेतलीय. दादांना नकाशातलं काही कळत नाही."

मी आकडा बदलला. ड्रॉइंगला पृथ्वीवरचा पत्ता लावून दिला, कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला आणि फाइल जतन केली. तोवर बाबांनी पिशवी उघडली होती. नारळ त्यांनी काकांच्या हातात दिला.

"पाया आखून टाकू. या वेळी तुम्ही फोडा," ते म्हणाले. "टेप मी धरतो."

काकांना नारळ फोडायचा सराव नाही. बाभळीपाशच्या त्याच दगडावर फोडला, पण निम्मं पाणी मफलरवर गेलं. खोबरं सगळ्यांच्या हातावर ठेवून झालं. बाबा टेपचं टोक घेऊन गव्हाच्या कडेकडेने चालायला लागले, काठी टेकत, सावकाश, आणि बरेच लांब गेल्यावर वळून उभे राहिले. काकांनी दगडावरून टेप उचलून बघितला.

"ढिला आहे," ते ओरडले.